सोमलिंगाचं वायसर

मुरूमच्या पेठेत सोमलिंगाबद्दल गोड बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. तोंडाचा फटकळ आणि डोक्याचा गरम. कुणी वाकडं बोललं तर गप ऐकून घ्यायचं, ही गोष्ट त्याला जन्मात जमली नाही. कातडी कमावणाऱ्या ढोर समाजातला माणूस, घर ओढ्यापलीकडं. निजामाच्या राज्यातले दिवस ते. अशा माणसानं मान खाली घालून, भिंतीच्या कडंकडंनं चालावं अशी पेठेची अपेक्षा. सोमलिंग मान वर करून चालायचा, आणि तोही रस्त्याच्या मधून. एवढ्यावरच निम्मी पेठ त्याच्यावर नाराज होती.

पण मोट शिवावी तर सोमलिंगानंच, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. विहिरीचं पाणी बैलांनी ओढून वर काढायची ती चामड्याची मोठी पिशवी त्याच्या हातची असली, की शेतकरी निर्धास्त. कातडं तरवडाच्या सालीत मुरवण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं तो स्वतः करायचा. मोट शिवून झाली, की पाण्यानं गच्च भरून दारातल्या कडुलिंबाच्या जाड फांदीला टांगायची आणि गिऱ्हाइकाला निरोप धाडायचा. गिऱ्हाईक आलं आणि मोटेकडं बघायला लागलं, की हा खेकसायचा, "वर काय बगताव? खाली बगा की." खालची माती कोरडी असली की सौदा पुरा. याहून जास्त बोलणं त्याच्या धंद्यात नव्हतंच. त्याची बायको लक्ष्मम्मा म्हणायची, लिंबाखालची माती दाखवून हा माणूस जे कमावतो ते तोंडानं घालवून येतो.

आता गुरुसिद्धप्पांच्या लिफ्टकडं येऊ. तिला पेठेत सगळे लिपट म्हणायचे.

गुरुसिद्धप्पा म्हणजे मुरूमचे मोठे व्यापारी. कापूस, तूर, करडई, सगळं त्यांच्याकडं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, सोमवारी बैल जुंपायचे नाहीत, असा कडक माणूस. त्यांची दगडी बखार दोन मजली होती आणि वरच्या मजल्यावर पोती न्यायची म्हणजे हमालांचे गुडघे फुटायचे. म्हणून सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून त्यांनी जुनी लिफ्ट विकत आणली. यंत्र तसं साधं. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा, त्यात पुरलेलं लोखंडी नळकांडं, नळकांड्यात मांडीएवढा जाड दट्ट्या आणि दट्ट्याच्या डोक्यावर फळ्यांचा पाट. बाजूच्या टाकीतलं तेल हातपंपानं नळकांड्यात दाबलं, की पोत्यांसकट पाट वर. तेल परत टाकीत सोडलं, की पाट हळूहळू खाली. दट्ट्याच्या भोवती, नळकांड्याच्या तोंडाशी, तेल बाहेर फुटू नये म्हणून चामड्याचं एक जाड, उभ्या कडांचं वायसर, म्हणजे वॉशर. सगळा खेळ त्या वायसरावर, असं लोक समजायचे.

ते जुनं वायसर ऐन उन्हाळ्यात फाटलं. लढाईची सालं, सोलापूरहून खिळा मागवला तरी येईल की नाही सांगता येत नव्हतं. मग लिपटीचा मिस्तरी भीमाशंकर मापाचा दोरा घेऊन ओढ्यापलीकडं गेला. सोमलिंगाला अशी कामं आवडायची. फक्त मालकांची एक अट होती. बैल म्हणजे बसवण्णा, त्याचं कातडं बखारीत चालणार नाही, म्हशीचं चालेल. सोमलिंगानं म्हशीचं घेतलं. म्हशीनं कुणाचं काय वाईट केलं होतं, हे त्यानं विचारलं. लाकडाचा साचा कोरून, ओलं कातडं त्यात दाबून, वाळवून, मेणात मुरवून त्यानं असं वायसर केलं की हातात घेतल्यावर शिंगाचं वाटावं.

ते द्यायला तो बखारीवर गेला तेव्हा त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. वायसर पायरीवर ठेवायला लावलं आणि आत घेण्याआधी मालकांनी त्यावर पाणी शिंपडवलं. "तेलात बुडवायच्या वस्तूवर पाणी कशाला वततायसा?" सोमलिंग ओरडला. गंमत बघा. याच मालकांच्या मळ्यातलं पाणी सोमलिंगाच्याच मोटेतून वर यायचं, त्या पाण्यावर झेंडू फुलायचा, तो झेंडू महादेवाच्या पिंडीवर चढायचा, आणि तिथं कुणाला काही शिंपडावंसं वाटायचं नाही.

ते असो. वायसर बसलं आणि लिपट पहिल्यापेक्षा झकास चालली. सगळा पावसाळा तिनं कुरकूर केली नाही. वर नेलेला पाट तिथंच उभा राहायचा, तसूभर हलायचा नाही. सोमलिंग येता-जाता बखारीच्या दारात उभा राहून आतल्या नळकांड्याच्या तोंडाकडं बघायचा. कोरडं दिसलं की पुढं जायचा.

मग दसरा आला. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा, तशी लिपटीचीही. गुरुसिद्धप्पांनी टाकीत डोकावून बघितलं तर तेल काळंकुट्ट. पूजेच्या दिवशी यंत्राच्या पोटात असलं शिळं तेल ठेवायचं, हे त्यांना बघवेना. यंत्राचं नवं तेल सोलापूरहून निघालं होतं, पण ते निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर, जकातीच्या भानगडीत अडकून पडलेलं. मालकांनी विचार केला, आपल्या घरचा घाणा आहे, शेतातली करडई आहे. देवाला चालतं ते तेल यंत्राला का चालू नये? त्यांनी काळं तेल उपसायला लावलं आणि करडीचं ताजं, सोन्यासारखं तेल टाकीत ओतायला सांगितलं. भीमाशंकरानं ओतलं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, आरती झाली. त्या दिवशी लिपट जरा जास्तच गुळगुळीत चालली, म्हणून मालक दिवसभर खूष होते.

दिवाळी झाली, कापसाचा हंगाम लागला आणि लिपट खचायला लागली. वर नेलेला पाट कुणी हात न लावता आपोआप खाली उतरायचा. आधी बोटभर, मग चार बोटं, पुढं पुढं चहा पिऊन येईपर्यंत वीतभर. भीमाशंकरानं वायसरावरचे नट आवळले. फरक पडला नाही. त्यानं मालकांना सांगितलं, की काम थांबवून यंत्र खोलून बघू. हंगामात काम थांबवायचं म्हटल्यावर मालकांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा बोललाच नाही.

आणि एका दुपारी बिरू पडला. बिरू त्यांचा सगळ्यात भरवशाचा हमाल. वरच्या मजल्यावर अंधार; पाठीवर पोतं घेऊन तो सवयीनं मागं सरकत पाटावर पाय टाकायला गेला, पण पाट तिथं नव्हताच, हातभर खाली गेला होता. माणूस पोत्यासकट खाली आला. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, चालेल, पण ओझं उचलणं विसरा.

त्या संध्याकाळी गादीवर बसून गुरुसिद्धप्पा एवढंच म्हणाले, "ढोराचं कातडं. दुसरं काय व्हणार?"

एवढं पुरलं. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय हे उघडून बघायची कुणालाही गरज वाटली नाही. खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं होतं, आणि ते रस्त्याच्या मधून चालणारं डोकं होतं. पेठेला दोन्हीकडून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बिरूची बायको इरम्मा ओढा ओलांडून सोमलिंगाच्या दारात आली. तिनं दारातली माती मुठीत घेऊन त्याच्या अंगावर फेकली. "माज्या नवऱ्याचा पाय खाल्लास की रं! तुज्या हाताला किडं पडतील!" सोमलिंगासारखा माणूस, पण अंगावरची माती न झटकता उभा राहिला. ती खरोखरच रडत होती.

आठवडा गेला नाही तोवर लिंबावर टांगलेली मोट गिऱ्हाइकानं न घेताच सोडली. खाली माती कोरडी ठणठणीत, पण त्यानं खाली बघितलंच नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, "मालकाच्या लिपटीत झालं ते हीरीत व्हायला नगं." मग दुसरा आला नाही, तिसरा आला नाही. लांबच्या गावांहून येणारे लोकही उमरग्याला जायला लागले. ज्या हातावर सोमलिंगाचं सगळं जगणं उभं होतं, तो हात खोटा, असं ज्यानं त्यानं ठरवून टाकलं.

"जाऊ द्या," लक्ष्मम्मा म्हणाली. "मोठी माणसं हायत. लोक इसरतील."

"काय इसरतील?" सोमलिंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "चोरी केली असं म्हनले असते तरी म्या ऐकलं असतं. माजं कातडं गळतं म्हनतेत! माजं!"

तो तडक बखारीवर गेला. दारात उभा राहिला आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असं ओरडला, "मिस्तरी, पाट वर न्या!"

गादीवरून मालक म्हणाले, "सोम्या, तमाशा करू नगंस."

"तमाशा तुमी केलाव, मालक. म्या नुसतं बगायला आलोय."

कशाला आणखी बोभाटा, म्हणून असेल, मालकांनी मान हलवली. भीमाशंकरानं पोत्यांसकट पाट वर नेला. थोड्याच वेळात तो खाली यायला लागला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सोमलिंगानं उंबऱ्यावर उकिडवं बसून बोट दाखवलं. "माजं वायसर त्या नळकांड्याच्या तोंडाला हाय. गळलं तर तेल भाईर येनार. जरा हात फिरवून बगा, मिस्तरी. वल्लं हाय का?"

भीमाशंकरानं दट्ट्याभोवती हात फिरवला. मग फडकं फिरवलं. फडकं कोरडं होतं. त्यानं ते वर करून दाखवलं नाही, पण सगळ्यांना दिसलं.

"मग तेल कुटं जातंय?" सोमलिंगानं विचारलं.

हा प्रश्न इतका सरळ होता, की हमालही एकमेकांकडं बघायला लागले. पाट खाली येतो म्हणजे नळकांड्यातलं तेल कुठंतरी जातंच. बाहेर येत नाही. मग आतल्या आत जात असणार. भीमाशंकराला पुढचं सांगावं लागलं नाही. तो चांगला मिस्तरी होता. भित्रा होता, एवढंच. त्यानं टाकीचं झाकण काढलं आणि आत काडी उभी धरली. पाट खाली यायला लागला तशी टाकीतली पातळी काडीवर चढायला लागली. नळकांड्यातलं तेल परत टाकीत येत होतं. पंप आणि नळकांडं यांच्यामध्ये एक झडप होती. तिच्यात पोलादी गोळी. तेल पुढं जाऊ द्यायचं आणि मागं येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या गोळीचं काम. ती गोळी आपल्या जागेवर नीट बसत नव्हती.

पाट पुरता खाली आल्यावर भीमाशंकरानं झडप खोलली. गोळी बाहेर काढली, तर तिच्याबरोबर पिवळा चिकट थर ओढत आला. गोंदासारखा, नखानंही निघेना. कुणालाच ते काय आहे हे विचारावं लागलं नाही. मुरुमातल्या प्रत्येक घरात तेलाच्या बुधल्याच्या तोंडाला, तव्याच्या कडेला तेच जमतं. करडीचं तेल वाऱ्याला वाळतं आणि चिकटून बसतं. बायका राखेनं घासून घासून थकतात. ते तेल यंत्राच्या पोटात दिवसच्या दिवस राहिलं, तर याहून वेगळं काय होणार होतं? हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण तेल मालकांच्या घाण्याचं होतं आणि खंडेनवमीला आरती करून ओतलेलं होतं, त्यामुळं तिकडं कुणाची नजर गेलीच नव्हती. गेली असती तरी बोललं कोण असतं?

गुरुसिद्धप्पा उठून आले. गोळीकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला, हे सोमलिंगानं उंबऱ्यावरून पाहिलं. त्याला वाटलं, आता बोलतील. चार माणसांत बोलले होते, आता चार माणसांतच शब्द परत घेतील.

मालकांनी हमालांना तोंड बंद ठेवायची ताकीद देऊन कामाला पिटाळलं आणि खालच्या आवाजात भीमाशंकराला सांगितलं, "पूजेचं तेल हाय. त्याचा उच्चार कुटं करायचा न्हाय. सगळं धुवून काड. यंत्राचं तेल नाक्यावरनं सुटलंय. आन म्या मागवलेलं सोलापूरचं वायसरबी येतंय त्याच गाडीनं. दोनी घालून टाक."

"दोनी?" सोमलिंगानं दारातूनच विचारलं.

"दोनी."

सोमलिंगाच्या लक्षात आलं आणि त्याचा असा तिळपापड झाला की विचारू नका. तेल आणि वायसर एकदम बदललं, लिपट नीट चालायला लागली, की गाव काय म्हणणार? सोलापूरचं वायसर आलं आणि लिपट सुधारली. तेलाचं नाव कुणी काढणार नाही. त्याचं कातडं कायमचं खोटं ठरणार, आणि तेही यंत्र दुरुस्त करून! सरळ शिव्या देणं परवडलं, पण हा प्रकार त्याला सहन होण्यासारखा नव्हता.

"मालक, एक डाव नवं तेल घाला आन माजंच वायसर ऱ्हाऊ द्या. एकच डाव. खचली तर पेठंत माजं तोंड काळं करा."

"तुजं समाधान करायला म्या धंदा मांडलाय व्हय?" असं म्हणून मालक गादीवर जाऊन बसले.

भीमाशंकर दिवस मावळताना ओढ्याकडं हात धुवायला आला तेव्हा सोमलिंगानं त्याला गाठलं. "मिस्तरी, तेल तुमीच वतलंत. तुमाला ठावं हाय."

"मला लेकरंबाळं हायत, सोमलिंगा."

"मला न्हाइत?"

भीमाशंकर हातावरचा चिकटा मातीनं घासत राहिला. तो जाईना. मान वर न करताच तो निघून गेला. त्या रात्री सोमलिंगानं जेवणाला हात लावला नाही. लिंबाला टांगलेली मोट त्यानं खाली उतरवली आणि पाणी ओतून दिलं.

बाजाराच्या दिवशी गुरुसिद्धप्पांनी लिपट पुन्हा सुरू केली. मुद्दाम बाजाराचा दिवस धरला, कारण हमाल पाटावर पाय टाकायला घाबरत होते आणि गावानं बघायला पाहिजे होतं. बखारीत गर्दी झाली. इरम्माही आली होती; बिरूच्या जागी पोती शिवायचं काम तरी द्या, म्हणून मालकांना विनवायला. सोमलिंग येणार नव्हता. पण घरात बसवेना, म्हणून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

भीमाशंकरानं पंप मारला. पाट कापसाच्या गठड्या घेऊन वर गेला आणि थांबला. सगळे बघत राहिले. माणसं पान खाऊन आली, बाहेर जाऊन सौदे करून आली, पाट आपला तिथंच. केसभरही हलला नव्हता.

"बगा," गुरुसिद्धप्पा गादीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सोलापूरचं वायसर. माल चोख असला की यंत्र इमानानं चालतंय."

माणसांनी माना डोलावल्या. दोघं-चौघं वळून सोमलिंगाकडं बघून हसले. रागानं सोमलिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते यांना दिसू नये म्हणून तो जायला वळला.

"मालक." आवाज भीमाशंकराचा होता. त्यानं सदऱ्याच्या आत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली एक वस्तू काढून मालकांपुढं गादीवर ठेवली. सुतळीची गाठही सुटली नव्हती. "सोलापूरचं वायसर हे हितं हाय. म्या घातलंच न्हाय. आत सोमलिंगाचंच हाय, पयलंच. निस्तं तेल बदललंय. करडीचं काडलं आन यंत्राचं घातलं."

गुरुसिद्धप्पांनी वस्तू उचलली नाही. कुणीतरी मागं "करडीचं?" असं म्हणालं आणि ज्यांनी खंडेनवमीचा प्रसाद खाल्ला होता ते एकेक करून मालकांकडं बघायला लागले.

कितीतरी दिवस सोमलिंगानं याच घडीचे शब्द मनात घोटून ठेवले होते. आता तोंडानं म्हणा, मालक. मोठ्यानं म्हणा. ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असं म्हणा. तो परत वळला आणि उंबरा ओलांडून आत आला. कुणी अडवलं नाही. तो बोलणार, तेवढ्यात गर्दीतून इरम्मा पुढं झाली.

"मग माज्या नवऱ्याचा पाय कुनी मोडला, मालक?"

गुरुसिद्धप्पांनी उपरणं सावरलं. भीमाशंकराकडं बघितलं, हमालांकडं बघितलं. त्यांची नजर फिरत फिरत सवयीनं सोमलिंगावर येऊन थांबली, आणि मग तिथूनही त्यांना ती काढून घ्यावी लागली. ते घसा खाकरून म्हणाले, "सोमलिंगा, तुज्या कातड्यात कसूर नव्हता. झालं समाधान?"

हेच ऐकायला सोमलिंग आला होता. तो इरम्माच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"माजं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तिनं इचारलंय, मालक. तिला सांगा."